सीनिअर बोलचा सराव आणि ड्राफ्टपूर्वीची पारख : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक लीगचे सामने आवडीने पाहणाऱ्या, परंतु ड्राफ्टपूर्वीच्या (म्हणजे संघ महाविद्यालयीन खेळाडू निवडतात त्याआधीच्या) महिन्यांत पडद्यामागे काय चालते याचा फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी आहेत. फुटबॉल हा शब्द येथे सर्वत्र अमेरिकी फुटबॉल या अर्थाने वापरला आहे.

सीनिअर बोल म्हणजे नेमके काय?

महाविद्यालयीन कारकीर्द संपवून एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये उतरणाऱ्या निवडक खेळाडूंचा हा प्रदर्शनी सामना आहे. पहिला सामना १९५० मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे झाला. पुढच्याच वर्षी तो अलाबामा राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या मोबील या बंदराच्या शहरात आला आणि तेव्हापासून तेथेच होतो. अनेक दशके त्याचे मैदान लॅड-पीबल्स स्टेडियम हे होते. २०२१ पासून तो साउथ अलाबामा विद्यापीठाच्या हॅन्कॉक व्हिटनी स्टेडियमवर भरतो. पूर्वी संघांची विभागणी उत्तर आणि दक्षिण अशी असे, आता त्यांना नॅशनल आणि अमेरिकन म्हणतात. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी हा आठवडा येतो, त्यानंतर इंडियानापोलिसचे कंबाइन (खेळाडूंच्या मोजमापांचा आणि शारीरिक चाचण्यांचा मेळावा), मग महाविद्यालयांचे स्वतःचे चाचणी दिवस आणि शेवटी एप्रिलमधील ड्राफ्ट, असा क्रम असतो. ड्राफ्टमध्ये ३२ संघ ७ फेऱ्यांत अडीचशेहून थोडे अधिक खेळाडू निवडतात, त्यामुळे मोबीलला आलेल्या शंभराहून अधिक खेळाडूंपैकी बऱ्याच जणांची नावे त्या यादीत दिसतात.

सामना शनिवारी असतो, तर अनेक स्काउट गुरुवारीच का परततात?

कारण स्काउटांचे, म्हणजे संघांसाठी खेळाडूंची पारख करणाऱ्यांचे, काम तोपर्यंत झालेले असते. सामन्यात बचावाच्या डावपेचांवर बंधने असतात, खेळाडू सतत बदलले जातात आणि एखाद्या कॉर्नरबॅकच्या (रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, रोखणाऱ्या बचावपटूच्या) दिशेने संपूर्ण दुपारभर एकही पास न येणे सहज शक्य असते. याउलट मंगळवार ते गुरुवार चालणाऱ्या सरावात त्याच कॉर्नरबॅकला दररोज ठरावीक वेळा, ठरावीक अंतरावर, देशातल्या उत्तम रिसीव्हरांसमोर उभे केले जाते. हंगामातील चित्रफितींत असे प्रसंग विखुरलेले असतात, कारण मोठ्या विद्यापीठाचा खेळाडूदेखील वर्षभरातील निम्म्याहून अधिक सामने आपल्यापेक्षा कमकुवत प्रतिस्पर्ध्याशी खेळतो. कंबाइनमध्ये धावणे आणि उड्या मोजल्या जातात, पण तेथे अंगावर पॅड नसतात आणि समोर कोणी अडवणाराही नसतो. तुल्यबळ खेळाडू पॅड घालून एकमेकांशी भिडताना पाहण्याची ड्राफ्टपूर्वीची सर्वांत मोठी संधी या तीन दिवसांतच मिळते.

सरावाला जाण्याआधी काय तयारी करावी?

हंगामातील खेळ पाहिल्याशिवाय हा सराव पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने खेळाडूला आधी पाहिलेले नाही त्याला मोबीलमध्ये केवळ चमकदार क्षण दिसतात, आणि चमकदार क्षण इतके असतात की संध्याकाळपर्यंत प्रत्येक जण पहिल्या फेरीचा वाटू लागतो. चित्रफिती पाहून झाल्यावर प्रत्येक खेळाडूविषयी एक न सुटलेला प्रश्न लिहून ठेवावा. या टॅकलचे (ऑफेन्सिव्ह फळीच्या टोकाला खेळणाऱ्याचे) पाय खरोखरच संथ आहेत, की त्याचे महाविद्यालय त्याला वेगळ्या पवित्र्यात खेळवत होते? हा रिसीव्हर अंगाला अंग लावून खेळणाऱ्या कॉर्नरबॅकपासून सुटू शकतो का, कारण त्याच्या विभागात त्याला असे कोणी भेटलेच नाही? असा प्रश्न हाती असला की दोन तासांच्या गर्दीतही नजर कुठे ठेवायची हे कळते.

ॲरन डोनाल्डचे २०१४ मधील उदाहरण पुष्कळदा चुकीच्या पद्धतीने सांगितले जाते. मोबीलच्या सरावाने त्याला घडवले, असे म्हणतात. प्रत्यक्षात पिट्सबर्ग विद्यापीठाकडून २०१३ च्या हंगामात त्याने आउटलँड, लोम्बार्डी, नागुर्स्की आणि बेडनारिक असे बचावपटूंचे आणि फळीतील खेळाडूंचे चारही मोठे पुरस्कार मिळवले होते. त्याच्या खेळाविषयी शंका नव्हती, शंका त्याच्या चणीविषयी होती. मधल्या फळीत खेळणारा आणि सहा फुटांच्या आसपास उंची असलेला हा मुलगा व्यावसायिक गार्डांपुढे (टॅकलच्या आतल्या बाजूला खेळणाऱ्यांपुढे) टिकेल का, एवढाच प्रश्न उरला होता. मोबीलमध्ये आकाराने मोठे आणि नावाजलेले गार्ड त्याच्यासमोर एकामागून एक हतबल झाले आणि त्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले. रॅम्स संघाने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले, आणि पुढे तो तीन वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

वजन-मापांना इतके महत्त्व का दिले जाते?

महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत खेळाडूची उंची आणि वजन उदार हाताने लिहिलेले असते. मोबीलमध्ये ते तटस्थ माणसे मोजतात. उंची चार आकडी संकेतात लिहिली जाते : ६०२३ म्हणजे सहा फूट, दोन इंच आणि एक इंचाचे तीन अष्टमांश. यांखेरीज हाताची लांबी, पंजाची रुंदी आणि दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर नोंदवले जाते.

ही मापे निकाल म्हणून नव्हे, तर इशारा म्हणून वाचावीत. बाहेरच्या टॅकलचे हात ३३ ते ३४ इंचांपेक्षा आखूड भरले, तर अनेक संघ त्याला गार्ड म्हणून पाहू लागतात, कारण कडेने येणारा बचावपटू लांब हातांनी आधी त्याच्या छातीवर पोहोचतो. मात्र टॅकल जो थॉमस याचे हात साडेबत्तीस इंचांचे होते, आणि तो २००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला जाऊन हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, पंजाचे मापही असेच वादाचे आहे. केनी पिकेटने २०२२ मध्ये मोबीलला आपला पंजा मोजू दिला नाही. कंबाइनमध्ये तो साडेआठ इंच भरला, जो या जागेवरील खेळाडूच्या मानाने फारच लहान आहे. तरीही स्टीलर्सनी त्याला विसाव्या क्रमांकावर घेतले. मोजमाप टाळल्याने त्याची चर्चा महिनाभर लांबली, याव्यतिरिक्त काहीही साधले नाही.

एकास एक झुंजींचे निकाल किती गांभीर्याने घ्यावेत?

सराव पाहणाऱ्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते, म्हणून या उत्तराला थोडा विस्तार आवश्यक आहे. एकास एक झुंजीत कोणाला तरी मुळातच झुकते माप असते. रिसीव्हर आणि कॉर्नरबॅक यांच्या झुंजीत क्वार्टरबॅकवर कोणीही धावून येत नाही, त्यामुळे तो चार-चार सेकंद थांबू शकतो. प्रत्यक्ष एनएफएल सामन्यात चेंडू साधारण पावणेतीन सेकंदांत हातातून सुटलेला असतो. शिवाय कॉर्नरबॅकच्या मागे मदतीला सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) नसतो आणि रिसीव्हरला डावी-उजवी दोन्हीकडची मोकळी जागा मिळते. ऑफेन्सिव्ह आणि डिफेन्सिव्ह फळीच्या झुंजीत हेच झुकते माप बचावपटूकडे जाते, कारण शेजारच्या गार्डची किंवा सेंटरची (फळीच्या मध्यावरच्या खेळाडूची) साथ नसताना एकट्याने मोठी जागा राखायची असते, आणि समोरच्याला धावत्या खेळाची काळजी करण्याचे कारण नसते. कबड्डीत चढाईपटूसमोर एकच बचावपटू उभा करून साखळी करायला मनाई केली, तर तो बहुधा गुण घेऊनच परतेल, पण तेवढ्यावरून कोणी त्याला मोठा चढाईपटू म्हणणार नाही.

म्हणून विजय-पराजयांची टक्केवारी मांडण्यापेक्षा झुंज कशी झाली ते टिपावे. गार्ड मागे सरकला, पण त्याने कंबर खाली घेऊन पाय रोवले आणि तीन पावलांत प्रतिस्पर्ध्याचा रेटा थांबवला, तर ती झुंज कागदावर हरलेली दिसली तरी त्याच्या बाजूने धरावी. उलट बचावपटूने एकाच फिरकीच्या चालीवर दोनदा बाजी मारली आणि तिसऱ्यांदा समोरच्याने ती ओळखल्यावर त्याच्याकडे दुसरी चाल उरली नाही, तर पहिल्या दोन विजयांची किंमत कमी होते. रिसीव्हरने वळण घेताना कॉर्नरबॅकपासून किती अंतर निर्माण केले, हे चेंडू झेलला की निसटला यापेक्षा अधिक सांगते. अर्थात चेंडू हातांनी, शरीरापासून दूर पकडतो की छातीवर घेतो, याची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी. कॉर्नरबॅक पकडून ठेवत असेल तर सरावात पंच काही वेळा दुर्लक्ष करतात. एनएफएलमध्ये पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला अडवणे हा दंडनीय अपराध आहे, महाविद्यालयीन नियम याबाबत सैल आहेत, त्यामुळे जुन्या सवयी येथे उघड्या पडतात.

आणि मंगळवारपेक्षा गुरुवारला अधिक वजन द्यावे. पहिल्या दिवशी ज्या चालीने खेळाडूला चकवले, तीच चाल तिसऱ्या दिवशी त्याने कशी हाताळली, यावरून त्याची शिकण्याची तयारी दिसते. माझ्या दृष्टीने या आठवड्यातील सर्वांत मोलाची नोंद हीच असते.

ऑफेन्सिव्ह फळीच्या खेळाडूंसाठी हा आठवडा विशेष का मानला जातो?

कारण येथे त्यांना नवी जागा दिली जाते. लहान महाविद्यालयात सर्वांत धिप्पाड मुलगा म्हणून टॅकल खेळलेल्या खेळाडूला एनएफएलमध्ये आत, गार्ड किंवा सेंटर म्हणून खेळावे लागेल असे संघांना वाटत असते, पण त्या जागेवरची त्याची एकही चित्रफीत उपलब्ध नसते. अली मार्पेट हा हॉबार्ट महाविद्यालयाचा, म्हणजे क्रीडा शिष्यवृत्त्या न देणाऱ्या तृतीय श्रेणीतील खेळाडू. तेथे तो डावा टॅकल होता. २०१५ मध्ये मोबीलला त्याने गार्ड म्हणून सराव केला आणि टँपा बेने त्याला दुसऱ्या फेरीत ६१ व्या क्रमांकावर घेतले. क्विन माइनर्झची गोष्ट याहून टोकाची आहे. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर हे त्याचे महाविद्यालयही तृतीय श्रेणीचेच, आणि करोनामुळे त्याचा २०२० चा हंगाम पूर्णपणे रद्द झाला होता. वर्षभर एकही सामना न खेळलेला हा गार्ड २०२१ मध्ये पोट उघडे टाकून, जर्सी वर गुंडाळून सेंटरच्या जागी उभा राहिला आणि मोठ्या विद्यापीठांच्या बचावपटूंना त्याने जागेवर रोखले. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी त्याला ९८ व्या क्रमांकावर निवडले. २०२४ च्या हंगामात तो ऑल-प्रो, म्हणजे लीगमधील सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात होता.

क्वार्टरबॅकची पारख येथे कितपत होते?

इतर जागांच्या तुलनेत कमी, असेच म्हणावे लागेल. चार दिवसांपूर्वी भेटलेल्या रिसीव्हरांना, नुकत्याच पाठ केलेल्या खेळांच्या भाषेत, वेळेवर पास देणे हे कोणालाही अवघड आहे, त्यामुळे चुकलेल्या पासांचा दोष कोणाचा हे बाहेरून ठरवता येत नाही. सरावात क्वार्टरबॅकला कोणी हात लावत नाही, म्हणून दबावाखाली तो कसा वागतो हा मुख्य प्रश्न तसाच राहतो. मात्र हातातील ताकद, चेंडू सुटण्याचा वेग आणि बाजूच्या रेषेपर्यंत चेंडू किती सपाट जातो, या गोष्टी शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या खेळाडूंत चटकन जाणवतात. महाविद्यालयात मैदानावरील दोन हॅश रेषांमध्ये (ज्यांच्या दरम्यान प्रत्येक खेळी सुरू होते) ४० फूट अंतर असते, एनएफएलमध्ये ते साडेअठरा फूट असते. त्यामुळे महाविद्यालयात रुंद बाजू आणि अरुंद बाजू यांवर खेळ आखलेला असतो, व्यावसायिक मैदानावर तो बराचसा मध्यातून सुरू होतो.

कार्सन वेंट्झच्या बाबतीत २०१६ मध्ये प्रश्न वेगळा होता. नॉर्थ डकोटा स्टेट हे त्याचे विद्यापीठ एका पायरीने खालच्या श्रेणीत खेळत असे, आणि वरच्या श्रेणीतील बचावपटूंसमोर तो गोंधळेल काय, एवढेच संघांना पाहायचे होते. तो गोंधळला नाही, आणि ईगल्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. त्याच वर्षी सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू डॅक प्रेस्कॉट होता. त्याला मात्र चौथ्या फेरीपर्यंत, १३५ व्या क्रमांकापर्यंत थांबावे लागले. शनिवारच्या पुरस्काराचा ड्राफ्टवर किती परिणाम होतो, याचा अंदाज यावरून यावा.

रनिंगबॅक आणि लाइनबॅकर यांच्याकडे कसे पाहावे?

सरावात बहुतेक वेळा पूर्ण ताकदीने जमिनीवर पाडले जात नाही. त्यामुळे पाडणाऱ्याला चुकवण्याची आणि पाडण्याची क्षमता, म्हणजे या दोन्ही जागांचा गाभाच, येथे अर्धवट दिसतो. पाहण्याजोगा भाग म्हणजे धावत येणाऱ्या लाइनबॅकरला (फळीमागच्या बचावपटूला) रनिंगबॅकने (चेंडू घेऊन धावणाऱ्याने) एकट्याने अडवण्याचा सराव. अनेक महाविद्यालयांत रनिंगबॅकला हे काम क्वचितच दिले जाते, आणि नवोदिताला तिसऱ्या डाउनवर (तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी) मैदानात ठेवायचे की नाही, हे पुष्कळदा यावरच ठरते.

हंगामात फारशी आकडेवारी नसलेला खेळाडू येथे वर येऊ शकतो का?

येऊ शकतो, पण त्याच्याकडे आकडेवारी का नव्हती हे समजून घ्यावे. टेरी मॅक्लॉरिनने ओहायो स्टेटमध्ये २०१८ च्या शेवटच्या हंगामात ३५ पास झेलले, आणि त्या संघात चांगल्या रिसीव्हरांची रांग होती. मोबीलमध्ये त्याच्यापाशी कॉर्नरबॅक टिकत नव्हते, शिवाय पंट (लाथेने दूर मारलेला चेंडू) परतवणाऱ्यापर्यंत सर्वांत आधी धावत पोहोचण्याचे स्पेशल टीम्सचे कामही तो मन लावून करत होता. वॉशिंग्टनने त्याला ७६ व्या क्रमांकावर घेतले. येथे सराव आणि हंगाम यांत विरोध नव्हता. चेंडू कमी मिळाला तरी प्रत्येक खेळीत तो मोकळा होत असल्याचे चित्रफितींतही दिसत होते. चित्रफितीत काहीच नसताना केवळ तीन दिवसांवर कोणाची दोन फेऱ्यांनी बढती करणे मला धोक्याचे वाटते.

मुलाखतींत काय घडते?

संध्याकाळी हॉटेलात संघांचे प्रतिनिधी खेळाडूंना थोडा-थोडा वेळ भेटतात. कौटुंबिक पार्श्वभूमी, जुन्या दुखापती, शिस्तभंगाचे प्रसंग यांबरोबरच फळ्यावर एखादी खेळी काढायला सांगितली जाते, आणि केवळ स्वतःचे नव्हे तर उरलेल्या दहा जणांचे काम काय होते हेही विचारले जाते. प्रेक्षकांना हा भाग दिसत नाही, आणि ड्राफ्टच्या दिवशी अनाकलनीय वाटणाऱ्या काही निवडींचे मूळ बहुधा येथे असते.

प्रशिक्षक कोण असतात, आणि त्याचा परिणाम होतो का?

२०२२ पर्यंत दोन एनएफएल संघांचे संपूर्ण प्रशिक्षक मंडळ एकेका बाजूचा सराव घेत असे. २०२३ पासून वेगवेगळ्या संघांतील सहप्रशिक्षक एकत्र आणले जातात. जुन्या पद्धतीत त्या दोन संघांना आठवडाभर जवळून पारख करण्याची मोठी संधी मिळे. फिलिप रिव्हर्स २००४ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सचे मार्टी शॉटनहायमर यांच्या हाताखाली मोबीलला खेळला. ड्राफ्टमध्ये जायंट्सनी त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले, पण ईलाय मॅनिंगच्या बदल्यात त्याच दिवशी तो सॅन डिएगोत गेला.

आमंत्रण सर्वांना मिळते का, आणि न मिळालेल्यांचे काय?

नाही. २०२४ च्या सामन्यापासून तृतीय वर्षाच्या खेळाडूंनाही प्रवेश खुला झाला आहे, त्यामुळे स्पर्धा आणखी वाढली. आमंत्रण मिळूनही काही जण येत नाहीत. पहिल्या दहांत जाण्याची खात्री असलेल्याला येथे दुखापत ओढवून घेण्यात काही लाभ नसतो. अनुपस्थितीला त्यामुळे दोष मानू नये. दुसरा जुना मंच म्हणजे १९२५ पासून मुलांच्या रुग्णालयांच्या मदतीसाठी भरणारा ईस्ट-वेस्ट श्राइन सामना. १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रेडी आणि २०२२ मध्ये अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर निवडला गेलेला ब्रॉक पर्डी हे दोघेही तेथे खेळले होते.

भारतातून हा सराव कसा पाहता येईल?

हिवाळ्यात मोबील भारताच्या साडेअकरा तास मागे असते, म्हणजे तेथील सकाळी साडेदहाचा सराव मुंबईत किंवा पणजीत रात्री दहाला सुरू होतो. थेट प्रक्षेपणात कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि फळ्यांच्या झुंजी अर्धवट सुटतात. त्या नंतर समाजमाध्यमांवर तुकड्यांत येतात, पण ते तुकडे विजेत्यांचेच निवडलेले असतात, म्हणून एकाच खेळाडूच्या किमान पाच-सहा झुंजी, हरलेल्या धरून, सलग मिळाल्याशिवाय वहीत मत लिहू नये.